तिळाएवढा डोळा

निमिषच्या पाठीला कान लावून बसायची मनवाला सवयच जडली होती. तो झोपला की ती हळूच त्याचं झबलं वर करायची आणि उजव्या खांद्याच्या मागे, जरा खाली, कान टेकवायची. डावीकडचा श्वास मोकळा वाहायचा. उजवीकडे मात्र बारीक शीळ वाजायची, बंद दाराच्या फटीतून वारा आत शिरावा तशी. कधीकधी ती शीळही ऐकू यायची नाही, आणि मग मनवा कान आणखी दाबून धरायची. शीळ नाही म्हणजे तिथं वाराच जात नाही.

सव्वा वर्षाचं पोर. संक्रांतीनंतर खोकला सुरू झाला तो काही हटेना. औषध चालू असलं की चार दिवस बरं, बंद केलं की पुन्हा ताप, पुन्हा खोकला. सावेडीतल्या त्यांच्या इमारतीत प्रत्येकाकडे काही ना काही उपाय होता. कुणी ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकायला सांगितली, कुणी पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर दिला. मनवा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि घरात येऊन दार लावायची. तिनं बीएस्सी केलं होतं, तेही सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला होता की इतरांना नुसती काळजी वाटायची आणि हिला त्या काळजीची नावं ठाऊक होती.

त्यातलंच एक नाव डॉ. पंकजा ढाकणे यांनी शेवटी उच्चारलं. त्या निमिषच्या नेहमीच्या डॉक्टर, मूळच्या शेवगावकडच्या, बोलायला मोकळ्या. एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातला पांढरट डाग दाखवला. तिसऱ्यांदा काढलेल्या फोटोतही तो जागचा हलला नव्हता. न्यूमोनिया एवढा हट्टी नसतो, त्या म्हणाल्या. टीबी आहे का ते बघायला हवं.

मनवाचा नवरा केदार लगेच म्हणाला की आमच्या घरात कुणालाच नाही. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पहिल्या भेटीत विचारलेलंच पुन्हा विचारलं: पोरानं काही गिळलं होतं का, खाताना जोराचा ठसका लागला होता का? नाही, मनवा म्हणाली. ती छातीवर हात ठेवून सांगू शकत होती. जमिनीवरची शेंगदाण्याची फोलपटंसुद्धा ती वेचून टाकायची. तिच्या नजरेआड त्याच्या तोंडात काही जात नव्हतं.

टीबीची तपासणी आठवड्यानंतर त्यांच्याच दवाखान्यात होणार होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं. पूर्वी असा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागे आणि जंतू वाढायची आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागे. हे यंत्र जंतू वाढायची वाट बघत नाही, त्याच्या जनुकातला एक ठरावीक तुकडा हुडकून काढतं. कॉलेजात मनवानं हे सगळं पाठ करून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आता मात्र नमुना तिच्या पोराचा होता. एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागलं. निमिषचे हात तिनंच धरून ठेवले. तो रडताना तिच्याकडे बघत होता, नळी घालणाऱ्या सिस्टरकडे नाही.

यंत्रावर हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मनवा त्या दिव्याकडे बघत बसली आणि तिला सासूबाई आठवल्या. सरोजिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, कशालाही न डगमगणाऱ्या. पण एक्स-रेचं ऐकल्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांची पाठची बहीण लहानपणीच त्या आजारानं गेली होती. आजाराचं नाव त्या आजही घेत नसत, ‘ते’ म्हणत. ‘ते’ नसू दे, एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी शेवगावला धाकट्या दिरांकडे निघून गेल्या, देवीला काही बोलायचंय म्हणून. त्याला आता आठवडा होऊन गेला होता. मनवाला ते पळून जाणं वाटलं होतं. ती ते कुणाला बोलली नव्हती.

यंत्रानं चिठ्ठी दिली. जंतू सापडला नाही.

केदारनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र तसाच होता. लहान मुलांत जंतू फार थोडे असतात, त्या म्हणाल्या, नमुन्यात आले नाहीत म्हणजे नाहीतच असं छातीठोक सांगता येत नाही. फोटो वाईट आहे, वजन उतरतंय. मोठ्या डॉक्टरांशी बोलून आपण औषधं सुरू करू. सहा महिन्यांचा कोर्स, लिव्हरवर लक्ष ठेवू. केदारनं मान डोलावली. निदान काहीतरी ठरलं, याचाच त्याला आधार वाटत होता.

मनवानं निमिषला खांद्यावर घेतलं. रडून दमलेला, तोंड उघडं टाकून तो तिच्या मानेवर कलंडला. त्याला जोराची ढास लागली आणि त्याबरोबर तिच्या नाकाशी एक वास आला. पुसट, तिखट, ओळखीचा.

लवंगेचा.

हा वास तिला नवा नव्हता. सासूबाई घरी असताना तो कित्येकदा आला होता आणि प्रत्येक वेळी ती मनाशी म्हणाली होती, आईंनी पापा घेतला असेल. सरोजिनीबाईंना जेवणानंतर दाढेत लवंग धरायची सवय. पण आई तर आठवडाभर शेवगावला होत्या. पोर सकाळपासून उपाशी होतं. नाकातोंडात नळीशिवाय काही गेलं नव्हतं.

तिनं पुन्हा त्याच्या तोंडाशी नाक नेलं. केदारला म्हणाली, बघ रे, वास येतोय का. त्याला येईना. डॉक्टरीणबाईंनाही येईना. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की काळजीत असं होतं. मनवानं पर्समधून मोबाईल काढला आणि शेवगावला फोन लावला.

“आई, बोरन्हाणाला तुम्ही हलवा केला होता. दागिन्यांचा. तो कशावर केला होता?”

सरोजिनीबाईंना प्रश्नच कळेना. हलव्याचं काय आत्ता, निमूचं सांग, असं त्या म्हणत राहिल्या. मनवानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“मुकुट तिळावर केला होता. बाजूबंद साबुदाण्यावर. आणि हार लवंगेवर. लांबट मणी येतात ना, काटेही छान फुटतात पाकाला…” त्या बोलता बोलता थांबल्या.

मनवाच्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आली. काळं झबलं, पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने, पाटावर बसलेला निमिष. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि सोसायटीतली सगळी पोरं ती लुटायला तुटून पडली. त्या गडबडीत ती दाराशी बायकांना हळदीकुंकू लावत होती, वाण देत होती. थोडाच वेळ पाठ फिरली होती. परत आली तेव्हा सरोजिनीबाई निमिषवरून मीठमोहऱ्या ओवाळत होत्या. एवढ्या बायका आल्यात, दृष्ट लागली असेल, म्हणाल्या होत्या. कोणत्याही घरात हेच झालं असतं. दृष्ट का काढताय, असं कुणी विचारतं का?

“आई, दृष्ट का काढली होती?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ठसका लागला होता त्याला. अगं, काळानिळा झाला होता जरासा. मी पालथा घेतला, पाठ थोपटली, पाणी पाजलं. राहिला. मला वाटलं नजरच लागली, काळ्या कपड्यात एवढा गोड दिसत होता. मीठमोहरी ओवाळली आणि तो हसायला लागला. मग मी… मला वाटलं उतरली.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हार मीच घातला होता गं त्याच्या गळ्यात.”

त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. तुमची चूक नाही, असं काही. मनवाच्या तोंडून ते निघालं नाही. तिनं फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी औषधाचा कागद बाजूला सारला. साखर दोन दिवसांत विरघळली असणार, त्या हळू म्हणाल्या, आणि लवंग काही फोटोत दिसत नाही. त्यांनी लगेच डॉ. कल्याण गर्जे यांना फोन केला. लहान मुलांच्या श्वासनळीत दुर्बीण घालणारे नगरात ते एकटेच, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे नुकतीच फार बारीक दुर्बीण आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्जे डॉक्टरांनी ती दाखवली. काळी, लवचीक, उदबत्तीच्या काडीएवढी नळी. टोकाशी तिळाएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती उजेड. जुन्या दुर्बिणी जाड असत, एवढ्या लेकराच्या नळीत शिरल्या की श्वासाला जागाच उरत नसे. हिच्यातूनच केसासारख्या तारेची जाळी आत सरकवता येते आणि वस्तू पकडून बाहेर ओढता येते. ते उत्साहानं सांगत होते. मनवाला एवढंच दिसत होतं की नळी कितीही बारीक असली तरी ती ज्या वाटेनं जाणार ती वाट निमिषच्या श्वासाची आहे.

सहीच्या आधी तिनं विचारलं, धोका काय? त्यांनी काही लपवलं नाही. वस्तू आत फुगून मऊ झाली असेल तर ओढताना तुटू शकते. तुकडा दुसऱ्या बाजूच्या नळीत पडला तर श्वास अडू शकतो. आणि काहीच केलं नाही तर? तर ते फुप्फुस जाईल, ते म्हणाले. केदारनं सही केली. तिनंही केली, पण अक्षर तिचं वाटत नव्हतं.

थिएटरबाहेरच्या बाकावर सरोजिनीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पहाटेच्या एसटीनं आल्या असाव्यात. निमिषला आत नेताना त्या उठल्या, पण जवळ आल्या नाहीत. मनवा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधल्या जागेत केदार बसला, उठला, पुन्हा बसला. दार बंद होतं आणि त्या दारापलीकडे तिळाएवढा डोळा तिच्या बाळाच्या छातीत उतरत होता.

ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर उतरत राहिली. जीभ, पडजीभ, कंठ. पुढं दोन फाटे. पुस्तकातलं चित्र तिला अजून आठवत होतं. त्यातली नळी गुलाबी होती आणि तिच्यात कुणाचाही श्वास नव्हता.

दार उघडलं ते फार लवकर. सिस्टर बाहेर आली, तोंडावर मास्क, नजरेत घाई. लवंग सापडली, पण दांडाच आलाय, ती म्हणाली. वरचं फूल, ते गोल डोकं, दिसत नाहीये. आत सूज आहे, थोडं रक्त आहे, काही कळत नाही. सरांनी विचारलंय, लवंगेला फूल होतं का? बिनफुलाची असेल तर इथेच थांबतो. पोराचा ऑक्सिजन खाली येतोय, उगाच पुन्हा आत जायचं नाही.

केदारनं आईकडे बघितलं. मनवानंही बघितलं. बाजारच्या लवंगांत निम्म्याअर्ध्या बिनफुलाच्याच असतात. सरोजिनीबाई नुसतं नाही म्हणाल्या असत्या तर सगळं तिथंच संपलं असतं, नळी बाहेर आली असती, पोर बाहेर आलं असतं. मनवाच्या मनात एक क्षण तेच आलं. नाही म्हणा, आई. संपू दे.

सरोजिनीबाईंनी पदर मुठीत आवळला होता.

“फूल होतं,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक लवंगेला होतं. हारासाठी मी अख्ख्याच निवडल्या होत्या, एक एक करून. सांगा त्यांना, आत आहे. काढायला सांगा.”

सिस्टर वळली. दार पुन्हा बंद झालं.

त्यानंतरचा वेळ मनवाला कधीच नीट सांगता आला नाही. आतून यंत्राचा टूं टूं आवाज येत होता आणि मध्येच त्याची लय मंदावत होती. प्रत्येक वेळी लय मंदावली की तिचाही श्वास थांबायचा. बाकावर तिचा हात कशावर तरी घट्ट दाबला गेला होता. बऱ्याच वेळानं तिनं बघितलं तेव्हा तो सासूबाईंचा हात होता. कोण कुणाच्या जवळ सरकलं, ते तिला कळलं नव्हतं.

मग रडणं ऐकू आलं. घोगरं, चिरकं, पण निमिषचंच. दारातून फरशी पुसायची बादली घेऊन बाहेर पडलेल्या, तिथल्या सफाईच्या बनुबाई त्या तिघांना बघून थांबल्या. “रडतंय म्हंजी चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “रडू द्या लेकराला.”

गर्जे डॉक्टरांनी छोट्या पारदर्शक बाटलीत ते दाखवलं. काळपट दांडा आणि मिरीदाण्याहून लहान असं गोल डोकं. एका अगदी बारीक फांदीत, सुजेच्या आड रुतून बसलं होतं. सोडून दिलं असतं तर तिथंच कुजलं असतं, ते म्हणाले. टीबीची औषधं आता लागणार नाहीत. सूज ओसरेल, डाग जाईल, पण पुढचे काही दिवस जपायचं. मनवानं बाटली हातात घेतली नाही.

निमिषला खोलीत आणलं. नाकाला प्राणवायूची नळी, ओठ सुकलेले. संध्याकाळी तो जरासं दूध प्यायला आणि झोपला. मनवानं त्याचं झबलं वर करून कान टेकवला. उजवीकडे श्वास जात होता. खरखर होती, पण जात होता. तिनं नाक त्याच्या तोंडाशी नेलं, थांबली, पुन्हा नेलं. भीती अंगातून अजून उतरलेली नव्हती. ती आता बहुधा अशीच राहणार होती, शेंगदाण्याच्या प्रत्येक फोलपटाबरोबर.

दारात सरोजिनीबाई उभ्या होत्या. सकाळपासून त्यांनी पोराला हात लावला नव्हता.

“येतोय का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“वास.”

मनवा पलंगाच्या कडेला सरकली आणि तिनं जागा करून दिली.

“तुम्हीच बघा, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल.”

सरोजिनीबाई आत आल्या. वाकण्याआधी त्यांनी पदरानं आपलं तोंड नीट पुसून घेतलं.