ज्याची त्यालाच दिसणारी तक्रार

घरात ती धाकटी होती आणि ऑफिसातही सगळ्यांत धाकटीच, त्यामुळे कोणाला नको असलेलं काम तिच्याच गळ्यात पडायचं. पिण्याच्या पाण्याचे जार घरोघरी पोचवणाऱ्या कंपनीचं सोशल मीडियावरचं पान ती सांभाळायची. शहरात काविळीची साथ येऊन महिना झाला होता. रोज सकाळी आल्या आल्या ती एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो टाकायची, खाली ‘या कठीण काळात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असं लिहायची, आणि मग खऱ्या कामाला लागायची. खरं काम म्हणजे लोकांची तोंडं बंद करणं.

त्याची रीत मोठी सोयीची होती. कमेंटमध्ये कावीळ, उलटी, ताप, वास यांतला एखादा शब्द दिसला की ती कमेंट लपवायची. पुसायची नाही. पुसली तर माणूस भडकतो आणि चार ठिकाणी बोंब मारतो. लपवलेली कमेंट मात्र ज्याची त्याला दिसत राहते, बाकीच्या जगाला दिसत नाही. तो बिचारा समजतो, आपण चारचौघांत बोललो. “झाकली मूठ सव्वा लाखाची!” असं मॅनेजरसाहेब हसून म्हणायचे. धाकटीचा हात आता असा बसला होता, की ती नावंसुद्धा वाचत नसे.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला ताईचा फोन आला. ताईला सातवा महिना होता.

“अगं, डोळे पिवळे दिसतायत म्हणतात हे. दोन दिवस अन्नाकडे बघवत नाही. दवाखान्यात चाललोय.”

गरोदरपणी कावीळ जिवावर बेतते, हे धाकटीने लोकांच्याच कमेंटमध्ये वाचलं होतं. वाचून लपवलंही होतं.

“बाहेरचं पाणी प्यायलीस का कुठे?”

“छे गं, तुमचाच जार. तूच नाही का म्हणालीस, डोळे मिटून प्या म्हणून? मध्ये जरा वास येत होता, तर ह्यांच्या फोनवरून तुमच्या पानावर विचारलंसुद्धा. तुला कशाला कामात त्रास, म्हणून बोलले नाही.”

“कधी विचारलंस?”

“झाले वीसेक दिवस. कोणी काही म्हटलंच नाही. मला वाटलं, पाणी खराब असतं तर आणखी दहा जण ओरडले असते की.”

फोन ठेवून धाकटीने शोधलं. भाऊजींचं नाव, गुलाबाचा फोटो. ‘पाण्याला वास येतोय. मला सहावा महिना संपत आलाय. हे पाणी प्यावं का?’ लिहिल्यापासून दोन मिनिटांत ती कमेंट लपवलेली होती. त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या चपळाईचं कौतुक केलं होतं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. “साहेब, पाणी तपासायला दिलं होतं, त्याचं काय झालं?”

“येईल गं रिपोर्ट. आजचा फोटो टाकलास?”

“माझ्या बहिणीला कावीळ झालीय. गरोदर आहे ती. आपलंच पाणी पिते.”

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस काही दगड नव्हता. “अरेरे! पण साथ तर शहरभर आहे, आपल्याच पाण्याने कशावरून? उगाच बोभाटा केला तर तीस जणांच्या पोटावर पाय येईल, बाळा.” असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या स्टीलच्या बाटलीतून घोट घेतला. कोपऱ्यातला कंपनीचा जार सीलबंदच होता.

“हे पाणी कुठलं, साहेब?”

“घरून आणतो. उकळून,” ते म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

धाकटी जागेवर येऊन बसली. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण ताई मरेल की काय ही भीती तिच्या मानगुटीवर बसली होती. लपवलेल्या कमेंट तीनशे बारा निघाल्या. त्या तिने सगळ्या खुल्या केल्या. मग कंपनीच्याच पानावर लिहिलं:

‘आमच्या जारचं पाणी पिऊ नका. तुमच्या तीनशे बारा तक्रारी आम्ही लपवल्या. माझ्याच हाताने लपवल्या. डोळे पिवळे दिसले तर आजच डॉक्टरांकडे जा. गरोदर बायकांनी तासभरही थांबू नका.’

खाली भराभर माणसं बोलू लागली. ‘म्हणजे आमच्या एकट्याच्याच घरी नव्हतं!’ प्रत्येक जण हेच म्हणत होता. महिनाभर प्रत्येक घर आपापल्या दाराआड एकटंच घाबरत बसलं होतं.

ती ताईच्या प्रश्नापाशी आली. त्याच्या बरोबर वर, आदल्या दिवशीची, कुणा सासूबाईंची कमेंट होती: ‘पोटुशी असेल तिने हे पाणी पिऊ नये. माझी सून दवाखान्यात आहे.’ ताईने प्रश्न विचारण्याआधीच कोणीतरी उत्तर देऊन ठेवलं होतं. ते ताईपर्यंत पोचू दिलं नव्हतं ते धाकटीनेच.

साहेब दारातून तिला हाक मारत होते. त्याच वेळी भाऊजींचा फोन आला. तिने फोन उचलला.

“कावीळच आहे. ताईला ॲडमिट केलंय. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही म्हणतात. तू लगेच ये,” भाऊजी म्हणाले.

“निघालेच. पण भाऊजी, आधी एक ऐका. तुमच्या फोनवरून ताईने आमच्या पानावर जे विचारलं होतं ना, ते लपवणारी मीच.”