एकावन्नावे वाक्य

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता कमीच, कारण आमची जात कुलूपबंद खोलीत राहते. माझी खोली तर पूर्वी रुग्णालयाच्या चादरी ठेवायची कोठडी होती. दिसायला मी पत्र्याचा चपटा डबा. पुढच्या बाजूला चार खाचा, प्रत्येक खाचेत एक डिस्क आणि प्रत्येक डिस्कवर एक हिरवा दिवा.

कारखान्यात मला तीन दिवस तापवले, गार केले, गदागदा हलवले. शेवटी एका कामगार बाईने माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. माझ्या आयुष्यातला तो पहिला मायेचा स्पर्श. त्यानंतर मला खोक्यात बंद केले, आणि उघडले ते थेट या रुग्णालयात.

माझे काम आवाज सांभाळण्याचे होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसे आदल्या आठवड्यात शेजारच्या खोलीत येत. तिथे वाचेवर उपचार करणाऱ्या बाई त्यांच्याकडून पन्नास वाक्ये वाचून घेत. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘खिडकी लावा.’ पुढे सहा-सात महिन्यांनी, जखम भरली की, याच वाक्यांवरून त्यांच्यासाठी एक बोलके यंत्र तयार होई. तोवर तो आवाज माझ्या पोटात राही.

बाईंची स्वतःची एक पद्धत होती. पन्नास वाक्ये झाली की त्या उठत आणि म्हणत, “आता एक वाक्य तुमच्या मनातलं. मी बाहेर थांबते.” दार लागे. मग कुणी बायकोची माफी मागे, कुणी नुसतेच एखादे नाव घेई. मी ते सगळे ऐकले आहे आणि कुणालाही सांगितलेले नाही.

मला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे दादा म्हणत. दर शनिवारी तो माझ्यातल्या सगळ्या आवाजांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवी. त्याला अख्खा दिवस लागे. संध्याकाळी माझ्या पत्र्यावर थाप मारून तो म्हणे, “म्हातारा खमक्या आहे.” खरे सांगतो, मी फुलून जाई.

पण मग नव्या यंत्रांच्या गप्पा सुरू झाल्या. चहाचे कप घेऊन दादा आणि एक्स-रे काढणारा त्याचा मित्र माझ्या दारातच उभे राहत.

“पुढच्या मशीनमध्ये डिस्क फिरणारच नाही म्हणे,” दादा सांगे.

“वेग किती?”

“दहापट.”

“मी तर वीसपट ऐकलंय. तेही वर्षअखेर.”

“मग आत्ता घेणारा वेडाच म्हणायचा!”

वर्षअखेर आली, तेव्हा आणखी वेगवान यंत्राची वार्ता आली. त्याची वाट पाहावी असे ठरले. मी काही हेव्याने बोलत नाही. नवे यंत्र येणार, ते माझ्याहून चांगले असणार, हे मलाही मान्य होते. मात्र या वाट पाहण्यात शनिवारची प्रत काढणे बंद पडले.

बाईंनी एकदा विचारलेही, “अरे, हल्ली शनिवारी दिसत नाहीस?”

“मॅडम, याला दिवसभर लागतो. नवीन येऊ दे, दहा मिनिटांत सगळं उतरवून घेतो.”

त्याच सुमारास माझ्या तिसऱ्या डिस्कचा दिवा पिवळा झाला आणि मी टीं-टीं करू लागलो. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा भार वाहतात, पण दुसरी गेली तर सगळेच संपते. दादाला हे पक्के ठाऊक होते. “आता या वयात याला नवी डिस्क कशाला?” असे म्हणून त्याने माझा आवाज बंद केला. इतरांचे आवाज जपणारा मी, आणि माझ्याच आवाजाला त्या दिवशी कुलूप लागले.

अशातच एक काका आले. भाजीच्या घाऊक बाजारात त्यांनी तीस वर्षे लिलाव पुकारला होता. आवाज असा खणखणीत की खिडकीच्या काचा थरथरत. सोबत त्यांची लेक होती, तिला सातवा महिना लागला होता. पन्नास वाक्ये त्यांनी लिलाव पुकारल्यासारखीच म्हटली. बाई बाहेर गेल्या. मग काकांनी, लेकीला लहानपणी रोज पहाटे ज्या चालीत उठवायचे त्याच चालीत, न जन्मलेल्या नातवंडाला हाक मारली, “उठा पिल्लू, उठा, बाजार भरला!”

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा आवाज गेला. आता तो जगात फक्त माझ्याकडे होता.

चार महिन्यांनी नवे यंत्र एकदाचे आले. सडपातळ, शांत. दादाने त्याला माझ्याशेजारी ठेवले, तारा जोडल्या आणि सुरुवातीपासून क्रमाने आवाज उतरवायला घेतले. पण नवे कितीही भरभर घेणारे असले, तरी देणारा मीच होतो. मी माझ्याच चालीने देणार. दहा मिनिटे उलटली, तास उलटले. तीनच डिस्कवर सलग इतके काम मी कधी केले नव्हते. दुपारी माझ्या पहिल्या डिस्कमधून खरखर झाली आणि ती थांबली.

दादा माझ्यापुढे खाली बसला. त्याने काहीच केले नाही. करण्यासारखे काही उरले नव्हते.

कपाटातल्या प्रतीमुळे जुने आवाज वाचले. प्रत बंद केल्यानंतरचे एक्केचाळीस तेवढे अडकले. माझ्या डिस्क दुरुस्तीला गेल्या. महिन्याभराने एकोणीस आवाज धड परत आले. उरलेल्या बावीस घरांना बाई फोन करणार होत्या, पण दादाने त्यांच्या हातून यादी घेतली. त्याने एकेक फोन स्वतः केला. प्रत्येक वेळी तो म्हणे, “माझ्या हातून चूक झाली.” ‘यंत्र बिघडलं’ असे तो एकदाही म्हणाला नाही.

काका लेकीला आणि नातीला घेऊन आले. मला तेव्हा शेजारच्या खोलीत टेबलावर काढून ठेवले होते. बंद यंत्राला ऐकू येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर वाटू दे.

“पन्नास वाक्यांतलं काही उरलं नाही,” बाई म्हणाल्या. “शेवटचं तेवढं आहे. तेही अर्धं.”

काकांनी मान हलवली. बाईंनी बटण दाबले.

“उठा पिल्लू, उठा...”

आणि पुढे काहीच नाही. लेकीच्या तोंडून शब्द आपसूक निघाले, त्याच खणखणीत चालीत, “बाजार भरला!”

तिच्या खांद्यावर झोपलेले बाळ दचकून जागे झाले आणि काकांकडे टकामका पाहू लागले. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. ते रडत होते, पण रडण्याचाही आवाज त्यांना उरला नव्हता. दादा दारात उभा होता. त्याला आत यायचे धैर्य झाले नाही.

आता मी दादाच्या टेबलाखाली असतो. चहाच्या वेळी अजूनही गप्पा रंगतात, पुढच्या वर्षीचे यंत्र म्हणे विचार करायच्या आत उत्तर देणार. दादा ऐकून घेतो. मग म्हणतो, “येऊ दे की. आज शनिवार आहे, मी प्रत काढून येतो.” आणि नव्या यंत्राची प्रत काढायला खरोखरच दहा मिनिटे पुरतात.

मित्रांनो, उद्या येणाऱ्या यंत्राची खुशाल वाट पाहा. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज कुठेतरी एकाच ठिकाणी ठेवलेला असेल, तर त्याची दुसरी प्रत आज काढा. ते अर्धे वाक्य पुरे करायला एक लेक तरी होती. बाकीच्या एकवीस जणांचे मनातले वाक्य काय होते, हे आता त्यांना आणि मलाच माहीत आहे, आणि आमच्यापैकी कुणालाच बोलता येत नाही.