झोपलेल्या माणसाचं माप

मी दात करतो. खोटे. दवाखान्यातून प्लास्टरचे जबडे येतात, मी त्यांच्यावर मेणात दात बसवतो, पक्के करतो, घासतो, डबीत घालून परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही. माप येतं, माप जातं. वीस वर्षं हेच चाललंय. आता जे सांगणार आहे त्याचं खापर या धंद्यावर फोडून मला सुटता आलं असतं. पण धंद्याला शिव्या देऊन स्वतः सोवळे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत. केलं ते मी केलं.

दोन वर्षांपूर्वी मला प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडायचा नाद लागला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी आमचा क्लब भरतो. आठ-दहा बाप्ये, सगळे चाळिशी ओलांडलेले, डोळ्याला भिंग लावून रणगाडे चिकटवत बसतात. सगळ्यांत वडीलधारे म्हणजे घड्याळकाका. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून हे नाव. माझ्या फळीवर चार लष्करी गाड्या जमल्या तेव्हा ते म्हणाले, "नुसती गाडी म्हणजे शोरूम झालं रे. आता डायोरामा कर. एक पाट घे, त्यावर लढाईतला एकच क्षण मांड. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आत्ता काय झालं."

मी कामाला लागलो. वितीवर चार बोटं एवढा लाकडी पाट. त्यावर प्लास्टरचा रस्ता, एक पडकी भिंत, आणि पुढचं चाक फुटलेला लष्करी ट्रक. सगळं खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. म्हणजे उभा माणूस करंगळीएवढा.

ट्रकला नवा कोरा हिरवा रंग दिला आणि मग आठवडाभर बारीक ब्रशनं त्यावर धूळ, गंज, चिखल चढवत बसलो. बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, "घरातला पंखा पुसा म्हटलं की तुमची कंबर धरते. आणि इथं पैसे देऊन धूळ लावताय."

तेव्हा खोलीत जे मोठ्यानं हसले ते दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. सैन्यात ट्रक चालवायचे. मुदत संपायच्या आधीच त्यांना घरी पाठवलं. कागदावर 'वैद्यकीय कारण' एवढे दोनच शब्द. हातपाय धड, डोळे धड. फक्त रात्रभर जागे. ताई आणि ते आमच्या मागच्या खोलीत राहायला येऊन सहा महिने झाले होते, आणि सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ताई भाजी चिरता चिरता हात थांबवून दारात येऊन उभी राहिली. नवरा हसतोय हे बघायला.

त्यानंतर संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी स्टूल घेऊन बसायला लागले. "टायर असं नाही फाटत," म्हणायचे. "आतल्या बाजूनं फाटतं, आणि मग रिमवर गाडी चालते, रिम वाकते. आण इकडे." माझ्या हातातली सुरी घेऊन त्यांनी ते चाक असं कापलं की मला माझ्या चार गाड्या फळीवरून खाली फेकाव्याशा वाटल्या.

"माणसं कुठली घालणार?" त्यांनी एकदा विचारलं.

"डब्यातली. चौघं आहेत. बंदूक रोखलेले."

"डब्यातली बरी," दाजी म्हणाले. "त्यांना काही होत नाही."

पण घड्याळकाकांना डब्यातली माणसं बरी वाटली नाहीत. रविवारी त्यांनी भिंग लावून पाट बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ट्रक झकास. चाक तर बघत राहावं असं. पण हे चौघं? फोटोग्राफरनं 'हलू नका' म्हटल्यासारखे उभे आहेत. गाडी उडाली ना यांची? मग भ्यायलेला कोण आहे यात?"

बाकीचे खी-खी करून हसले. मी पण हसलो. आतून जळत घरी आलो.

भ्यायलेला माणूस कसा असतो हे मला माहीत नव्हतं. पण तो कुठं आहे हे माहीत होतं.

दाजी दुपारी झोपायचे. पलंगावर नाही, जमिनीवर, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. ताईनं आल्या आल्याच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दुपारी त्या खोलीत कुणी जायचं नाही. मी पण जात नाही. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय, तसं झोपलेलं कुणी बघायचं नाही. तू मला वचन दे."

मी दिलं होतं. अगदी तिच्या डोक्यावर हात ठेवून. नाटकी माणूस मी.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. ताई बायकोबरोबर बाजारात गेली होती. मी चपला काढल्या आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

गुडघे पोटाशी घेतलेले. उजवा हात कानावर घट्ट. डाव्या हाताच्या मुठीत स्वतःचीच कॉलर, कुणीतरी ओढून नेत असावं आणि याने स्वतःला धरून ठेवावं तशी. दोन्ही तळपाय भिंतीला रेटलेले. एक मोजा अर्धा निघालेला. सहा फुटांचा माणूस आणि केवढ्याशा जागेत मावला होता.

मला वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं. मला आनंद झाला. बाजारात हवी ती वस्तू दिसल्यावर होतो तसा. मी मोबाईल काढला. समोरून घेतला, वरून घेतला. मूर्ती करायची तर पाठही लागते, म्हणून कपाटावरून वाकून पाठीचाही घेतला. मग परत बाहेर गेलो, टेबलावरची स्टीलची फूटपट्टी घेऊन आलो आणि त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत टेकवून ठेवली. प्रमाण चुकू नये म्हणून. सतरा फोटो काढले. फूटपट्टी उचलली, दार ओढून घेतलं, चपला घातल्या. झोपलेल्या माणसाचं माप सुतार घेतो, शवपेटीसाठी. आणि त्याला आधी घरच्यांना विचारावं लागतं.

मूर्ती करायला नऊ दिवस लागले. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर पुट्टी, दात कोरायच्या हत्यारांनी कोरलेल्या कापडाच्या घड्या. वीस वर्षांचं कसब त्या पेराएवढ्या देहात ओतलं. पडक्या भिंतीशी ठेवला, पाय भिंतीला रेटलेले, एक बूट निघालेला, मोजा अर्धा. तोंड हातांआड होतं, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की हा कुणीही असू शकतो. त्या नऊ दिवसांत संध्याकाळी दाजी आले की पाटावर फडकं टाकायचो. "शेवटी दाखवतो, मजा येईल," म्हणायचो. ते "बरं" म्हणून स्टुलावर बसून राहायचे.

क्लबचं प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. मी घरी सांगितलं, काही बघण्यासारखं नाही, गर्दी असते, उकडतं. पण ताई ऐकते होय! "माझ्या भावाचं पहिलं काम आणि मी जायचं नाही?" आणि मग हळू आवाजात मला म्हणाली, "हे स्वतःहून म्हणाले, मी येतो म्हणून. सहा महिन्यांत पहिल्यांदा चार माणसांत येतायत. तुझ्यामुळं."

यावर तरी माणसानं तोंड उघडावं. मी म्हणालो, "या की मग."

त्या दिवशी माझ्या टेबलाभोवती माणसं हटेनात. सगळे त्या एकाकडेच वाकून बघत होते. एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, किती भ्यायलाय हो तो." घड्याळकाका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे कुठून आणलंस रे?"

"कल्पना," मी म्हणालो. "सुचलं."

मान वळवली तर काकांच्या मागे दाजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. ताई अजून दाराशी कुणाशी तरी बोलत होती.

दाजी पुढे आले. आधी चाक बघितलं, स्वतः कापलेलं. मग भिंतीकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं आता पाट उचलून माझ्या डोक्यात घालतील, आणि देवाशपथ, मला तेच हवं होतं. त्यांनी बोट पुढे केलं, मूर्तीच्या हाताजवळ, न लागता.

"इथं फूटपट्टी होती," ते म्हणाले. "ती राहिली."

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"त्याला कळलं," दाजी म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेले.

तेवढ्यात समोरून पुकारा झाला: पहिल्या डायोरामाचं बक्षीस. मी काय केलं? गेलो. पत्र्याचं पदक गळ्यात घालून घेतलं, फोटोला उभा राहिलो, हललो नाही. ताई टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता इकडेतिकडे बघत होती, हे कुठं गेले म्हणून. टेबलापर्यंत ती आलीच नाही. मी येऊ दिलं नाही. "दाजी घरी गेले असतील, तू जा," म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं.

पाट काखेत मारून घरी आलो तर दाजी पायरीवर बसले होते. मी खालच्या पायरीवर बसलो.

"त्या दुपारी जागे होतात तुम्ही?"

"जाग आली की मला लगेच हलता येत नाही," ते म्हणाले. "चार-पाच मिनिटं. डोळेपण उघडत नाहीत. ऐकू येतं सगळं. तुझी पावलं ओळखली. मला वाटलं, चादर घालायला आलायस."

मी काखेतला पाट काढून पायरीवर ठेवला.

"मग गार लागलं हाताला."

"दाजी, मी आत्ता उपटून टाकतो ते. तुमच्यासमोर."

"उपटून काय करतोस? पन्नास लोकांनी बघितलं." त्यांनी पाटाकडे बघितलं. "हात चांगला आहे तुझा. तेच वाईट आहे." मग म्हणाले, "तिला तू सांगायचं. मी सांगितलं तर ती तुझ्याशी बोलायची नाही. तू सांगितलंस तर भांडेल. भांडण बरं."

"उद्या सांगतो."

"उद्या कशाला? आत आहे ती."

ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. "आला का बक्षीसवाला?" म्हणाली. "आणि हे का उठून आले रे? तोंडातून शब्द काढत नाहीत. कुणी काही बोललं का तिथं?"

"ताई, हात धू आणि बस."

"का? काय झालं?"

"बस तर."

सगळं सांगितलं. दार ढकललं तिथपासून. ती बसली नाही. हातही धुतले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाली, "दाखव."

"काय?"

"फोटो. काढलेस ना? टाकलेस का काढून?"

टाकले नव्हते. पदक मिळालं तरी टाकले नव्हते. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून. मी मोबाईल दिला. कणकेच्या बोटानं ती एकेक फोटो सरकवत गेली, पडद्यावर पांढरे पट्टे उमटत गेले. दोन वर्षं झाली या दुखण्याला, आणि दिलेला शब्द पाळून तिनं नवऱ्याला असं एकदाही बघितलं नव्हतं. दाराबाहेर बसून राहायची. आता ते सगळं तिला माझ्या मोबाईलवर बघावं लागत होतं, समोरून, वरून, पाठीमागून.

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. मी मान खाली घालून तयारच होतो, लहानपणी फळा फोडला तेव्हा उभा होतो तसा. अकराव्या की बाराव्या फोटोवर ती थांबली. फूटपट्टीच्या.

"हे काय?"

"माप. प्रमाणासाठी."

तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. हाताशेजारचे काळे आकडे दिसायला लागले. मग माझ्याकडे वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाज तर अगदी साधा होता, बाजारातून आणलेल्या कापडाबद्दल विचारावं तसा.

"किती भरला?"

बायको दारात येऊन उभी होती. बाहेर पायरीवर दाजी होते. त्यांनाही ऐकू जात असणार. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. काहीतरी खोटं बोलता आलं असतं, आठवत नाही म्हणता आलं असतं. आणि मी उभ्या जन्मात जेवढे खोटे दात केले असतील त्याहून जास्त खोटं बोललेला माणूस आहे.

पण आकडा मला पाठ होता. कोपरापासून मनगटापर्यंत सव्वीस सेंटिमीटर. पस्तिसानं भागून साडेसात मिलिमीटर. किंचित कमीच.

मी तिला सांगितला.