जाऊबाईंची कपार

मी एक कपार बोलतेय. खरं सांगायचं तर मी काहीच नाही. नाल्याच्या दरडीत जिथे माती नाही, तेवढीच मी. पोकळीने आपली कहाणी सांगावी का, हा प्रश्न मलाही पडतो. पण माझ्यात काही जीव जन्मले होते, आणि त्यांच्याबद्दल बोलणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

सिन्नरच्या पूर्वेला, कुसळांच्या माळावर, एका पावसाळ्यात दरडीतला मोठा दगड निखळला आणि मी झाले. पुढे साळिंदराने मला लांब केलं आणि लांडगिणीने पंजांनी उकरून आतून गोल केलं. तोंड मात्र एकच राहिलं. मला ते बरंच वाटलं होतं. एका दारावर लक्ष ठेवणं सोपं.

दर हिवाळ्यात धनगरांच्या गोजराबाईंच्या मेंढ्यांचा तळ समोरच्या माळावर पडायचा. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती. दोघे भाऊ होते. थोरल्याने सगळी मेंढरं ठेवून घेतली, धाकट्याला एक कोकरूही दिलं नाही. धाकटा रागाने रानात गेला आणि लांडगा झाला. तेव्हापासून तो आपला वाटा न्यायला येतो. म्हणून त्या घरातल्या सुनांचा लांडगा हा दीर. तो दिसला की त्या डोक्यावर पदर घ्यायच्या. कोकरू गेलं की गोजराबाईंचा मुलगा गोरक्ष शिव्या द्यायचा, दगड भिरकावायचा, पण माझ्यापर्यंत कधी आला नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात गोरक्षची बायको सुवर्णा दोन महिन्यांचं पोर घेऊन तळावर आली. नववी शिकलेली. पोर शिंकलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा.

"आत्याबाई, लांडगा पोराला उचलून नेईल वो."

"आगं, सख्खा काका हाय त्याचा. नेईल कशाला?"

"पुस्तकात तर त्याला हिंस्र म्हणत्यात."

"मग पुस्तकवाल्याला इचार, त्याचे काका लय गरीब हायेत का!"

त्याच दिवसांत माझ्यात पाच पिल्लं जन्मली. डोळे मिटलेली, काळपट, ओल्या ढेकळांसारखी. आई शिकारीला गेली की मी त्यांचे श्वास ऐकत बसायचे. चारच ऐकू आले की घाबरायचे. मग पाचवं दुसऱ्याच्या पोटाखालून कुरकुरायचं. आपल्याला हे जमत नाही, असं रोज वाटायचं. आणि मी तर त्यांची आईही नव्हते.

एका दुपारी सुवर्णाने लांडगिणीला पाण्यावर पाहिलं. दोघींच्या मध्ये नाला. लांडगिणीचं पोट दुधाने ओघळलेलं, आणि सुवर्णाचाही ब्लाउज भिजलेला. ती बराच वेळ बघत राहिली. तळावर जाऊन म्हणाली, "आत्याबाई, जाऊबाई बाळंत झाल्या."

गोजराबाई हसल्या. "आली का शेवटी नात्यात!"

दुसऱ्या दिवशी लांडगीण बाहेर असताना सुवर्णा माझ्यापाशी आली. स्वतःच्या पोराच्या पाचवीला केलं होतं, तेच तिने केलं. माझ्या तोंडाशी दगड मांडला, हळद-कुंकू वाहिलं, कणकेचा दिवा ठेवला. "सटवाई, ह्यांचं बी नशीब चांगलं लिव," असं पुटपुटली आणि घाबरून पळताना कुंकवाचा हात दरडीलाच पुसला. लाल बोटं उमटली. खोटं कशाला बोलू, मला मिरवल्यासारखं वाटलं.

लांडगिणीला मात्र माणसाचा वास आला. पहाटे तिने एक पिल्लू तोंडात धरलं आणि नवी जागा बघायला गेली.

ती यायच्या आत वाळू आला. शेजारच्या वस्तीवरचा, बरोबर चौघे. त्याची शेळी गेली होती, आणि कुठल्याशा गावात पोराला लांडगा चावल्याची बातमी फिरत होती. त्याच्या घरीही लहान मुलगी होती. मी त्याला दुष्ट म्हणू शकत नाही. झुडपामागची मी त्याला आधी दोनदा शोधूनही दिसले नव्हते.

"ए, थांबा. हे कुंकू कोणी वाह्यलं?"

"देव आसंल."

"ह्या दरडीला कुठला देव? धनगरांचा दीर हाय आत!"

सगळे हसले. मग वाळलं गवत आणि बाभळीच्या फांद्या माझ्यात कोंबून त्यांनी काडी लावली, तोंडावर दगड रचले. धुराला जायला वाट नव्हती. मला दुसरं तोंड नव्हतं. चार श्वासांचे तीन झाले. मग मी ऐकणं थांबवायचा प्रयत्न केला. पोकळीला ते जमत नाही.

धूर पाहून सुवर्णा पोराला काखेत मारून धावत आली. "वाळूदादा, नका वो! बारकी हायेत ती!"

"वहिनी, पत्ता तर तुम्हीच दिला," वाळू दरडीवरच्या कुंकवाकडे बोट करून चेष्टेने म्हणाला.

ज्या पोराला ती क्षणभर खाली ठेवत नसे, त्याला तिने कुसळांत ठेवलं आणि तापलेले दगड दोन्ही हातांनी ओढले. आत हात घालून चारही पिल्लं बाहेर काढली. ऊन होती. हलत नव्हती.

संध्याकाळी लांडगीण आली. एकेकाला मानेला धरून, जिवंत असल्यासारखं अलगद उचलून घेऊन गेली. चार खेपा झाल्या. न्यायला काही उरलं नव्हतं, तरी ती पुन्हा आली. माझे सगळे कोपरे हुंगले आणि गेली.

गोरक्षचा तळ इथे परत पडला नाही. सहा वर्षांनी सुवर्णा एकदा मुलाला घेऊन इथून चालली होती. त्याने माझ्यात डोकं घातलं.

"आई, हितं कोण राहतं?"

"कोणी नाय," ती म्हणाली, आणि त्याला ओढून घेऊन गेली. मला तिचा राग आला नाही. खरंच होतं ते.

आता माळावर चुन्याच्या रेघा पडल्यात. जमीन सपाट करायचं यंत्र पलीकडच्या बांधापर्यंत आलंय. मला बुजवा, माझी तक्रार नाही. पोकळीने किती जागा अडवायची? फक्त माती लोटण्याआधी एकदा खाली वाका. आत बघा.