सावलीत टांगलेला सोलर पॅनल

मित्रांनो, मी सोलर पॅनल. वय झालंय, कडेचं ॲल्युमिनियम डागाळलंय. माझे भाऊबंद गावोगावच्या छतांवर ऊन खात पडलेत. माझी तऱ्हा निराळी. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या हॉलमध्ये मला भिंतीवर टांगलं. वर पंखा, बाजूला ट्यूबलाइट. उन्हावर जगणाऱ्याला सावलीत लटकवायचं आणि खाली पाटी लावायची, 'सौर ऊर्जा, उद्याचा प्रकाश'. ती पाटी आठवली की अजून किळस येते.

माझा जन्म कारखान्यातला. सिलिकॉनच्या पातळ निळ्या चकत्या, त्यांना जोडणाऱ्या बारीक चंदेरी रेघा, वरून जाड काच. शेवटी तपासणीसाठी माझ्यावर एका लखलखीत दिव्याचा उजेड क्षणभर पाडला. अंगातून वीज धावली. वाटलं, आता जन्मभर असंच. मग खोक्यात घातलं आणि इथं आणलं.

आणलं ते चांगल्या कामासाठी, हे मी नाकारत नाही. इथल्या कारखान्यात पूर्वीसारखी भरती राहिली नव्हती. नागपूर-अमरावतीकडून येऊन इथल्या क्वार्टरमध्ये संसार थाटलेल्या माणसांची मुलं मोठी झाली आणि घरी बसली. त्यांना घरांवर सोलर बसवायचं काम शिकवायचं, असं ठरलं. मुलं यायची, वहीवर कोरं कव्हर घालून यायची. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की मला माझीच लाज वाटायची.

शिकवायला यशवंत बोरकर सर. कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. सफारी कडक इस्त्रीची, आवाज खणखणीत. शिडीला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

प्रत्येक बॅचचं उद्घाटन व्हायचं. माझ्या काचेवर कुंकू लागायचं, नारळाचं पाणी उडायचं, गळ्यात झेंडूचा हार. खाली एक दिवा बसवला होता. पाहुणे बटण दाबत, दिवा लागे, टाळ्या पडत. तो दिवा माझ्या विजेवर लागत नसे. भिंतीच्या आतून हॉलचीच साधी वीज ओढली होती. एकदा रंगकामासाठी मला उतरवून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. भिंतीवर नुसते दोन खिळे. पाहुण्यांनी बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या पडल्या. एकानंही मान वर करून विचारलं नाही की पॅनल कुठे आहे. मी कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभा होतो, तेच बरं होतं.

त्या बॅचमध्ये सुचेता होती. विलास खेडकरांची मुलगी, बाप कारखान्यात फिटर. तिनं एक दिवस विचारलं, "सर, याला एकदा बाहेर उन्हात नेऊ या ना."

"काच फुटली तर तुझे पप्पा आणून देणारेत का?"

"सांभाळून धरतो आम्ही, सर."

"हे बघ, तुला टेक्निशियन व्हायचंय की हमाल?"

सगळा हॉल हसला. सुचेता खाली बसली. मग सरांनी रोजचा धडा घेतला, बिघडलेल्या जोडणीच्या तारा कशा कापायच्या. "मेन बंद. दोन्ही तारा एकदम पकडीत. कट. इतकं सोपं आहे." एकेक जण उठून माझ्या तारा कापून बघायचा. काही व्हायचं नाही. होणार काय? सावलीत मी मेलेलाच होतो.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण हे त्या हॉलमध्ये कुणी सांगितलं नाही. घराचा मेन बंद केला तरी ऊन बंद होत नाही. ऊन आहे तोवर छतावरचे पॅनल वीज बनवतच राहतात आणि त्यांच्या तारा जिवंत असतात. छतावर आम्ही एकटे नसतो, रांगेत जोडलेले असतो, सगळ्यांची ताकद एकत्र होते. म्हणून आधी आम्हाला जाड कापडानं झाकायचं, हातमोजे घालायचे, तार जिवंत आहे का ते तपासायचं आणि एका वेळी एकच तार कापायची.

सुचेताचं पहिलंच काम चार इमली या साहेबांच्या वस्तीतल्या एका बंगल्यावर होतं. उन्हाळ्यातली दुपार. तिनं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. मेन बंद. दोन्ही तारा एकदम पकडीत. कट. पकडीतून निळा जाळ उठला आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली ती कायमची.

हे मला तिच्याच तोंडून कळलं. हाताला पट्टी बांधून ती हॉलमध्ये आली तेव्हा सर पुढच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून घेत होते.

"हातमोजे घातले नसशील तू," सर म्हणाले.

"तुम्ही कधी घालायला लावले होते?"

"बरं, झालं ते झालं. बाहेर कुठे बोलू नकोस. सेंटरचं नाव खराब होतं."

"माझं राहू द्या, सर. सोमवारी तुम्ही अलकाला मंडीदीपला छतावर पाठवताय. तीही तुमच्याकडेच शिकली, आमच्याच क्वार्टरच्या लायनीत राहते. तिला तरी एकदा हे उन्हात दाखवा."

"सोमवारच्या आधी कसं जमणार? रविवारी हॉल रिसेप्शनला दिलाय."

मुलीचा हात जळाला, दुसरीचा जळायला निघाला, आणि यांना रिसेप्शनची पडलेली. मला तोंड असतं तर मी तिथंच थुंकलो असतो.

पण त्या रिसेप्शननंच माझं भलं केलं. एका साहेबांच्या मुलीचं लग्न. स्टेजच्या झालरी लावायला मी मध्ये येत होतो. सरांनी डेकोरेशनवाल्याला सांगितलं, "ये हटाओ यार, पीछे डाल दो." त्यानं मला हॉलमागे मोडक्या खुर्च्यांवर उताणं टाकलं. आणि मित्रांनो, माझ्यावर ऊन पडलं. पहिल्यांदा. त्यांनी मला कचऱ्यात फेकलं आणि कचऱ्यात मी जिवंत झालो.

सुचेता अलकाला ओढत तिथं घेऊन आली.

"ताई, मला मेंदी लावायचीय गं. रिसेप्शनला जायचंय."

"लाव नंतर. आधी ही दोन टोकं धर. वरच्या प्लास्टिकला धर, तांब्याला नको. आता चिकटव आणि हळूच सोडव."

टोकं सुटली तशी तडतड करत ठिणगी उडाली. अलका मागं सरकली.

"याचा मेन कुठंय?" सुचेतानं विचारलं.

"याला कुठला मेन? हे तर कशालाच जोडलेलं नाही."

"मग ठिणगी कुठून आली?"

अलकानं वर पाहिलं, मग माझ्याकडे. सुचेतानं मंडपाची जाड सतरंजी माझ्यावर पांघरली आणि पुन्हा टोकं चिकटवायला लावली. काही झालं नाही. "हा एकटा आहे. तिथं अशांची रांग असते," ती म्हणाली आणि पट्टी सोडून हात दाखवला.

तेवढ्यात सर गुलाबजामची वाटी घेऊन मागच्या दारात आले. "हे पॅनल इथं कुणी आणलं?"

"तुम्हीच टाकायला लावलंत, सर."

"मग आत नेऊन ठेवा."

"आत आता नवरा-नवरी बसणार आहेत," अलका म्हणाली. सर वाटी संपवून निघून गेले.

सोमवारी दिवस कलताना दोघी पुन्हा माझ्यापाशी आल्या. अलका मंडीदीपच्या बसमधून उतरून थेट आली होती, केसांत धूळ.

"सुपरवायझर म्हणाला, मेन पाडलाय, काप. मी म्हटलं, आधी ताडपत्री द्या. तर म्हणतो, लडकी डर गई."

"मग?"

"म्हटलं, हां, डर गई. ताडपत्री दो."

तिनं दोन्ही हात पुढे केले. सुचेतानं ते उलटे सुलटे करून पाहिले, एकेक बोट वाकवून पाहिलं. मेंदीखेरीज त्यांवर काही नव्हतं. मग तिनं ते हात सोडले आणि पदराआड तोंड करून खूप वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी मला ओल्या फडक्यानं पुसून परत हॉलमध्ये टांगलं. नवी बॅच येणार आहे. हार आणायला कुणीतरी जवाहर चौकात गेलंय.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. काच फुटली तर फुटू दे, काच दुसरी मिळते. तुम्ही तुमच्या बोटांची निगा राखा. तुमच्यातलं कुणी त्या हॉलमध्ये बसणार असेल तर टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि म्हणा, सर, उन्हात चला. ते हसतील, हॉल हसेल. हसू द्या. मला खिळ्यावरून उतरवा आणि बाहेर न्या. उचलायला दोघं पुरेत.