निरूच्या गालांवरचे डाग

विहिरीवरून परतले तर निरू सासूबाईंच्या मांडीवर होती आणि चुलीत विळा तापत होता. शेजारची यशोदाकाकू निरूचं मनगट धरून बसली होती. माझी कळशी दारातच कलंडली.

"कावीळ आसा," सासूबाई म्हणाल्या. "डाग दिल्याशिवाय उतरूची नाय."

माझी निरू दोन वर्षांची. तिच्या गालांवर पांढरट डाग उठले होते. भाज्या खाऊ घाल, कातडी सुधारेल, असं नर्सबाईंनी सांगितलं, आणि मी मागेच लागले. गाजर उकडून, तांबडा भोपळा कुस्करून, रोज दोन्ही वेळा. माशाशिवाय जेवण न गिळणाऱ्या पोरीला भोपळ्याची चटक लागली. यशोदाकाकू हसायची, "चेडवाक वाढयतंस की सशाक?" पण गाल खरंच नितळ झाले. निरू झोपली की मी त्यांवरून हळूच बोट फिरवायची.

गाल बघता बघता तळहात बघायचे राहिले. ते पिवळेधमक झाले होते. सासूबाईंना आज दिसले, आणि डाग घालवायला गेले ते डाग देण्यावर आलं.

मी निरूला ओढलं. यशोदाकाकू हात सोडेना. निरू टक्क माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं ओल्या खोबऱ्यासारखं शुभ्र होतं.

"आई, तिचे डोळे बघा," मी कसंबसं म्हटलं. "कावीळ डोळ्यांत पयली दिसता. हिचे पांढरे आसत."

सासूबाईंनी निरूची पापणी खाली ओढून पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग यशोदाकाकूला हात सोडायला सांगितला आणि विळा काढून बादलीत टाकला. त्या चर्र आवाजाने निरू रडू लागली. मी आधीपासूनच रडत होते.

मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं, काय भरवता ते विचारलं आणि हसले. तो गाजर-भोपळ्याचाच रंग होता, कमी केल्यावर आपोआप जाणारा. भाज्या सोडू नका म्हणाले, फक्त रोज त्याच नकोत.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई वालीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबले. त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटावर जुना, चकचकीत व्रण होता. तो चुलीवर भाजल्याचा, असंच मी आजवर समजत होते.

"माका डाग दिल्यानी तेव्हा पपयेचे दिवस होते," त्या म्हणाल्या. "मी रोज पपयाच खात होतंय. माझे डोळे कोणी बघूक नाय."