सगळ्यांना कळलं

मला कामावरून काढून टाकलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही आईला सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडतो.

तर, मी लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्टनं कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, हे सांगणारा कोड आम्ही दोघं लिहितो: मी आणि दादा. दादा सीनियर. त्यांच्या कोडमध्ये अख्खं सासर नांदतं. वजन मोजणारा भाग ‘सासूबाई’, सारखा अडकणारा तो ‘मेहुणा’. ‘जावई’ नावाचा भाग काहीच करत नाही, पण तो हलवला की सगळ्या लिफ्ट रुसून बसतात. का, ते दादांनाही ठाऊक नाही. खोदून विचारलं तर म्हणतात, "जावयाला काम विचारतात का?"

मला हे बघवेना. माझ्या वाटणीचा कोड मी असा लिहिला, की परक्यालाही वाचता यावा. प्रत्येक गोष्टीला तिच्या कामाचंच नाव. ‘दार बंद आहे का’. ‘दारात माणूस आहे का’. एका रविवारी आईला दाखवला. चष्मा लावून तिनं तो सगळा वाचला.

"दारात माणूस असला तर दार लावायचं नाही," ती म्हणाली. "हे तर मी तुला लहानपणापासून सांगतेय. याचा पगार देतात?"

मला वाटलं, जिंकलो. माशी तिथंच शिंकली होती.

मग साहेबांनी वाचला. साहेबांनी आजवर कुणाचाच कोड शेवटपर्यंत वाचला नव्हता. माझा एका चहात संपवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हे तर कुणीही लिहील. दादांचं काम मात्र कुणालाच कळत नाही, म्हणजे ते मोठंच असणार.

"एवढं सोपं आहे," साहेब मला म्हणाले, "तर तू कशाला हवास?"

उत्तर सोपं होतं, म्हणून दिलं नाही.

दादा लिफ्टपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "जाण्याआधी माझा जावई तेवढा मला समजावून सांगतोस?" मलाही नाही जमलं.

मग माझ्याच कोडनं मला अलगद तळमजल्यावर नेऊन सोडलं. मी पुरता बाहेर पडेपर्यंत दार लागलं नाही. एक धक्का बसेल तर शपथ.

हल्ली बागेतल्या बाकावर डबा खातो आणि अर्ज घोटतो:

‘महोदय, अर्जदाराचे लेखन सर्वांस समजले, हा दोष अर्जदारास मान्य आहे. तरी अर्जदारास यापुढे दुर्बोध समजण्यात यावे, व कोणतेही काम न देता ‘जावई’ या पदावर कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.’